ते तुम्हीही पाहिलं होतंत

मंगल म्हणाली, "आई, बाबांबद्दल चार ओळी लिहून दे. पेपरात द्यायच्यात, फोटोखाली." मी वही घेऊन बसले. कष्टाळू, प्रेमळ, फौजेतून सन्मानानं निवृत्त, असं सगळे लिहितात तसं लिहायला घेतलं आणि दुसऱ्याच शब्दाला पेन थांबलं. मला तुमचा राग आलाय. तुम्ही गेल्याला आज अठरावा दिवस. पहिले तेरा दिवस मी रडले. त्यानंतर रडू आलं नाही, नुसता राग येतोय, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस घरात नाही.

म्हणून मंगलच्या ओळी राहू देत. हे तुम्हालाच लिहिते.

तेराव्याला पारगावचे वाबळे भाऊजी आले होते. तुम्ही दोघं एका युनिटमध्ये होतात, निवृत्तीनंतर ते साखर कारखान्यावर सिक्युरिटीला लागले. जेवणं झाल्यावर ते मागच्या पडवीत हात धुवायला आले. मी तांब्यातून पाणी घालत होते. खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, एक गोष्ट त्यानं मला सांगितली व्हती. तुमाला सांगावी का न्हाई, तेरा दिस इचार करतोय."

"सांगा की."

"त्या टायमाला तुमाला वर जे दिसलं व्हतं, ते त्यानं पण बघितलं व्हतं."

मी पाणी घालतच राहिले. तांब्या रिकामा झाला तरी हात तसाच तिरका होता. तेवढ्यात मंगलनं हाक मारली आणि भाऊजी टॉवेल शोधत आत गेले.

बारा वर्षं. बारा वर्षं मी तुम्हाला एकच विचारत होते, तुम्ही ते पाहिलंत का नाही. बारा वर्षं तुम्ही म्हणत होतात, "नाय बाई, मी मोटरीपाशी व्हतो." आणि हे वाबळेंना ठाऊक होतं.

तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. आता तर मला खात्रीच आहे. बटाट्याची काढणी चालू होती. मजुरीच्या बाया पाचला पेठेकडे निघून गेल्या होत्या. सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड होता; मातीतला बटाटा आणि ढेकूळ वेगळं ओळखू येत होतं. शेवटचा ढीग राहिला होता. मी खाली बसून नवी पाटी भरायला घेतली होती, तुम्ही विहिरीवर मोटर खोलून बसला होतात. मान मोडून आली म्हणून मी वर बघितलं, तर उत्तरेला, मंचरच्या अंगाला, एक पांढरा उजेड येत होता. चांदणीपेक्षा मोठा, लिंबाएवढा. तो आला, थांबला. चांगला थांबला. मग आडवा सरकला, जिकडून आला होता तिकडंच थोडा मागं गेला, आणि नाहीसा झाला. आवाज काहीच नाही. हायवेवरच्या ट्रकचा आवाज येत होता, त्याचा नाही.

माझे हात थांबले नव्हते. हे मला नंतर कळलं. मी वर बघत होते आणि हात आपले बटाटे उचलून टाकत होते. तो उजेड गेला तेव्हा पाटी शिगोशीग भरली होती.

आणि विहिरीच्या दगडावर पाना पडल्याचा आवाज आला होता. मी ओरडले, "अहो, बघितलं का?" तुम्ही उभे होतात. तुमचं तोंड उत्तरेला होतं. तुम्ही म्हणालात, "काय?"

"पाना का पडला?"

"हात तेलकट हाय."

तो उजेड माझ्या एकटीला दिसला असता तर मीसुद्धा सोडून दिलं असतं. पण एका एसटी ड्रायव्हरनं तो मंचरच्या अलीकडं पाहिला होता आणि स्टँडवर सगळ्यांना सांगितला होता. वाडीतल्या दोघांनी पाहिला होता. बोलणं पोलीस पाटलांपर्यंत गेलं, तिथून तालुक्याला, आणि आठ-दहा दिवसांनी फौजेची जीप गावात आली. दोन अधिकारी, एक लिहिणारा. आधी ग्रामपंचायतीत बाकीच्यांना विचारलं. मग पोलीस पाटील त्यांना आपल्याकडं घेऊन आले, कारण मी पाहिलं होतं आणि तुम्ही रडारवर वीस वर्षं काढली होती.

खरं सांगते, त्या सकाळी तुम्ही किती छान दिसत होतात. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, पाठ ताठ. अधिकारी अंगणात आले तसा तुम्ही कडक सलाम ठोकलात आणि त्यांनीही तो घेतला. शेतात घातलेली सगळी वर्षं तुमच्या अंगावरून उतरल्यासारखी वाटली. मी दारात उभी होते आणि मला अभिमान वाटत होता. हा अभिमान मला अजून खुपतो.

तरुण अधिकारी माझ्याकडं वळून म्हणाला, "बहनजी, पहली बार कहाँ दिखा, हाथ से दिखाइए।" तुमच्याबरोबर अकरा वर्षं मी क्वार्टरमध्ये राहिले. पंजाबी, राजस्थानी, सगळ्या शेजारणींशी हिंदीत भांडले. त्यांचा शब्दन् शब्द मला कळत होता. पण सांगायचं ते नेमकं सांगावं म्हणून मी मराठीत बोलले. तुम्ही लगेच पुढं झालात, "मैं बताता हूँ, सर।"

मी म्हणाले, "ते आलं, थांबलं, मग आडवं गेलं, थोडं मागं गेलं. आवाज अजिबात नव्हता."

तुम्ही सांगितलंत, "कह रही है, कोई चमकीली चीज़ जा रही थी, सर।"

थांबलं, ते तुम्ही खाल्लंत. आडवं गेलं, ते खाल्लंत. आवाज नव्हता, तेही. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत.

त्या तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, किती वेळ दिसलं? मी म्हणाले, "एक पाटी भरेपर्यंत." त्याला पाटी कळेना. मग मीच पडवीतल्या बटाट्याच्या ढिगाजवळ बसले, रिकामी पाटी ओढली आणि त्या दिवशी भरत होते तशी भरायला लागले. त्यानं हातातलं घड्याळ बघितलं. तुमचे कान लाल झाले होते, बायको साहेबांसमोर मातीत फतकल मारून बसली म्हणून. पाटी भरली. तो म्हणाला, "पौने दो मिनट।" आणि मोठ्या साहेबाकडं वळून, "सर, टूटता तारा इतनी देर नहीं रहता।"

तेव्हा तुम्ही हसलात. तुमचं ते हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. म्हणालात, "सर, औरत जात है। घबरा गई होगी। और इसे शाम को ज़रा कम दिखता है।"

मला संध्याकाळी कमी दिसतं. मी, जी कंदिलाच्या उजेडात तुमच्या वर्दीची बटणं लावायची.

मोठ्या साहेबानं विचारलं, "हवलदार साहब, आपने खुद कुछ देखा?"

"नहीं सर। मैं वहीं मोटर के पास था। कुछ होता तो मुझे दिखता।"

लिहिणाऱ्यानं माझ्या लिहिलेल्या ओळींवर एक रेघ मारली. त्या लोकांना मी दोष देत नाही. बाईचा नवरा, रडारवरचा जुना माणूस, शपथेवर सांगितल्यासारखं सांगतोय. त्यांनी आणखी काय करायचं होतं? उलट त्या तरुण अधिकाऱ्यानं निघायच्या वेळी चहाचा कप परत देताना मला विचारलं, सरळ मलाच, "बहनजी, आप कुछ और कहना चाहती हैं?"

मी तुमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नाही."

हे माझं. हे मी तुमच्यावर ढकलत नाही. मला बोलता येत होतं, भाषा येत होती, विचारणारा माणूस समोर उभा होता. पण चार माणसांत नवऱ्याला खोटं पाडायचं माझ्या जिभेला जमलं नाही. तुम्हाला मला खोटं पाडायचं जमलं.

दोन-तीन महिन्यांनी तालुक्यावरून कागद आला. पोलीस पाटलांनी पारावर वाचून दाखवला. घाबरण्यासारखं काही नाही, लोकांनी पाहिला तो शुक्राचा तारा असण्याची शक्यता आहे, एका साक्षीदार महिलेच्या सांगण्याला तिच्या अनुभवी पतीचा दुजोरा नाही. घरी येऊन मी तुमच्यावर चिडले ते तुम्हाला आठवतंय? शुक्र कोणाला सांगताय? राजस्थानात क्वार्टरच्या गच्चीवर तुम्हीच मला दाखवला होतात. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, मला घरची आठवण येऊन रडू यायचं, तर तुम्ही रोज संध्याकाळी वर नेऊन एकेक तारा शिकवायचात. शुक्र सूर्याला सोडून लांब जात नाही, संध्याकाळी दिसला तर मावळतीलाच दिसणार, उत्तरेला कधीच नाही. तुमचे शब्द. मी ते तुम्हालाच म्हणून दाखवले, तर तुम्ही म्हणालात, "सुमन, आता बास कर." आणि बैलांना वैरण टाकायला गेलात.

मी कधीच म्हटलं नाही की परक्या ग्रहावरून कोणी आलं. ते गावानं म्हटलं. "तबकडीवाली काकू" हे नाव गावानं ठेवलं. दुकानात गेले की कोणीतरी विचारायचं, "काकू, आज विमान कुठं उतरलं?" पोरं हसायची. ते मी सहन केलं. पण त्याच वर्षी ग्रामपंचायतीत बायकांच्या राखीव जागा आल्या होत्या. वाडीतल्या बाया मला म्हणाल्या होत्या, ताई, तुमी उभ्या ऱ्हा, तुमी चार प्रांत बघितल्यात, टाकीचं काम तुमीच करून घ्याल. वाडीला पाणी नव्हतं, दोन किलोमीटरवरून हंडे आणत होत्या त्या. मी अर्ज भरला. देवळातल्या प्रचाराच्या बैठकीत समोरच्या पॅनलचा माणूस उठून म्हणाला, "जिच्या नवऱ्यानंच साहेबाला सांगितलं की हिला नीट दिसत नाय, तिला गावचा कारभार काय दिसणार?" सगळं देऊळ हसलं. तुम्ही मागच्या रांगेत होतात. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही चप्पल घालून बाहेर गेलात.

मी पडले. टाकी पुढच्या पाच वर्षांत झाली नाही. वाडीतल्या बाया नंतर मला काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांनी विचारायचं सोडलं.

आणि मग तुम्ही मला मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलात. हे आठवून आता अंगाची आग होते. शेजारी बसून राहिलात, भिंतीवरची अक्षरं मी वाचत होते, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "यांची नजर उत्तम आहे, कशाला आणलंत?" तुम्ही म्हणालात, "एकदा खात्री करून घ्यावी म्हटलं." कसली खात्री? तुम्हाला तर माहीत होतं.

तुम्हाला कळलं नसेल पण सांगते, सहा-सात वर्षांनंतर मला स्वतःचीच शंका यायला लागली होती. इतके लोक म्हणतात, तुम्ही म्हणता, डोळे चांगले असतील पण डोकं फिरलं असेल तेवढ्यापुरतं. मी भांडायचं कमी केलं. तुम्हाला वाटलं असेल, विसरली. विसरले नव्हते. माझा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. दुधाची पिशवी आणायला गेले तरी परत येऊन उरलेले पैसे दोनदा मोजायचे. असं एखाद्या माणसाचं करून ठेवायचं, आणि त्याच माणसाला ताप आला की रात्रभर उशाशी बसायचं, हे दोन्ही तुम्हीच करत होतात. मला टायफॉइड झाला तेव्हा मंगलच्या वेण्या तुम्ही घालायचात, वाकड्या, आणि ती शाळेत तशीच जायची. माझ्यावर कधी हात उगारला नाहीत, माझ्या माहेरच्यांना कधी उणं बोलला नाहीत. म्हणूनच मला कळत नाही की तुमचं काय करू.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पारगावला गेले. मंगल म्हणाली, "आई, चौदाव्या दिवशी बाहेर पडतेस, लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, माझ्याबद्दल लोकांचं म्हणून झालंय. कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. वाबळे भाऊजी केबिनमध्ये होते. मला बघून उठून उभे राहिले. मी म्हणाले, "अर्धं सांगून चालायचं नाही. सगळं सांगा."

त्यांनी स्टूल पुढं केलं. म्हणाले, "लई वर्सं झाली, वहिनी. माझ्या पुतणीच्या लग्नाला आमी नाशिकला चाललो व्हतो. आळेफाट्याला गाडी थांबली, आमी चहा प्यायला उतरलो. तिथं आपणहून म्हणला, वाबळे, मी पण बघितलं. पाना पडला हातातनं. वीस वर्सांत असं कायी बघितलं नव्हतं, म्हणला."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"मी बी त्येच विचारलं. तर म्हणला, आपल्या त्या जोडीदाराचं काय झालं, आठव."

तो जोडीदार मलाही ठाऊक होता. तुमच्याबरोबर रडारवर बसायचा, दक्षिणेकडचा होता. पडद्यावर काही दिसलं ते त्यानं वहीत लिहिलं आणि दुसऱ्या कोणाला ते दिसलं नव्हतं. बाकीच्यांनी त्याची इतकी टिंगल केली की त्यानं बदली मागून घेतली. तुम्हीही त्या हसणाऱ्यांत होतात, हे तुम्हीच मला एकदा सांगितलं होतंत.

भाऊजी पुढं म्हणाले, "मी म्हणलं, आरं पण वहिनीचं काय? तिला गावानं येडी ठरवली. तर म्हणला, दोघांनी सांगितलं असतं तर दोघं येडे ठरलो असतो. एकानं तरी घरात शहाणं ऱ्हायला पायजे. ती एकटी येडी ठरली तर मी हाय ना तिला सांभाळायला."

केबिनबाहेर कोणीतरी ट्रॅक्टर मागं घेत होतं. मी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं. मग विचारलं, "हे मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"सांगणार व्हता. दर येळी म्हणायचा, सांगतो. मग म्हणायचा, आता कोणत्या तोंडानं सांगू."

म्हणजे तुम्ही हिशोब करून ठरवलं होतंत. घाबरून तोंडातून निसटलं असतं तर मी माफ केलं असतं. पण तुम्ही त्या अंगणात, सलाम ठोकता ठोकता, दोघांतलं कोण बुडवायचं ते ठरवलंत, आणि वर मला सांभाळायची जबाबदारी घेतलीत. मला सांभाळायला नको होतं. मला दुजोरा हवा होता. तुमचा एक शब्द, "हो, मी पण." त्यानं आपण दोघं वेडे ठरलो असतो तर ठरलो असतो. दोघं मिळून वेडे असतो तर आपलं काय बिघडलं असतं?

परत येताना एसटीत मला आठवलं, त्या वर्षानंतर तुम्ही संध्याकाळी पारावर जाणं सोडलं होतंत. दिवस मावळायला शेतात यायचात, काम नसलं तरी, आणि माझ्या शेजारी उभे राहायचात. मी विचारायचे, काय बघताय? "काय नाय, पाऊस येतो का बघतोय." ऐन थंडीतसुद्धा. मी समजत होते, वय झालं, घरची ओढ लागली. तुम्ही उत्तरेकडं बघत उभे होतात, माझ्याबरोबर, रोज, आणि मला कळू दिलं नाहीत. मी खिडकीतून उसाची शेतं बघत होते आणि रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

काल संध्याकाळी पोलीस पाटील भेटायला आले, आणखी पाच-सहा जण होते, बाया आत बसल्या होत्या. तुमच्याबद्दल चांगलं बोलणं चाललं होतं. फौजी माणूस, सरळ माणूस, कधी खोटं बोलला नाय, असं पाटील म्हणाले. मी चहा घेऊन आले होते. ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "ते एकदा खोटं बोलले. मला जे दिसलं ते त्यांनी पण पाहिलं होतं."

मग पाटलांनी मान हलवली आणि हळू आवाजात, समजुतीनं म्हणाले, "जाऊ द्या काकू. दुःखात माणूस कायबी बोलतं. तुमी आराम करा."

मंगल मला आत न्यायला उठली. मी तिचा हात सोडवला. खाली बसले, पाटलांच्या समोर, आणि म्हणाले, "मी दुःखात नाही. बसा. चहा घ्या. मी सांगते."

मग मी पहिल्यापासून सांगितलं. उजेड किती होता, कुठून आला, किती वेळ थांबला, आडवा कसा गेला. तुम्ही साहेबांना काय सांगितलंत आणि काय गाळलंत. बैठकीत कोण हसलं, तेही नावानिशी सांगितलं, त्यातला एक जण तिथं बसला होता. वाबळे भाऊजींनी काय सांगितलं ते सांगितलं, आणि पटत नसेल तर पारगावला जाऊन विचारा म्हणाले. बराच वेळ लागला. चहावर साय धरली. वाडीतल्या दोन बाया उठून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. विश्वास बसला का नाही, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पण कोणी उठून गेलं नाही.

तुम्ही असतात तर मध्येच बोलला असतात.